शिवडीच्या धक्क्यावरचा गप्प हिवाळा

डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी वारा खाडीकडून वाहतो आणि काळाचौकीत चिखलाचा वास येतो. ज्यांना ठाऊक नाही ते म्हणतात, कुठंतरी गटार तुंबलं वाटतं. मी मात्र गॅस बारीक करते, खिडकीशी जाते आणि तो वास छाती भरून घेते. खारट, किंचित कुजका, थोडासा लोखंडाचा. ओहोटीचा वास. आमच्या इमारतीतून समुद्र दिसत नाही. मधे गोदामं आहेत, रूळ आहेत, तेलाच्या टाक्या आहेत. पण हिवाळ्यात खाडी अशी आपणहून घरी येते, आणि ती आली की मला कळतं, आता दोन-चार दिवसांत धक्क्यावरच्या आमच्या तरुण मैत्रिणीचा, ऋतुजाचा, एकच शब्द फोनवर येणार : 'आले.'

आले म्हणजे रोहित. पुस्तकांत त्यांना अग्निपंखही म्हणतात, आमच्या इमारतीतली पोरं सरळ फ्लेमिंगो म्हणतात आणि तळमजल्यावरच्या आजी 'ते गुलाबी बगळे' म्हणतात. नाव कुठलंही घ्या, शिवडीच्या धक्क्याजवळच्या दलदलीत ते थंडीच्या सुरुवातीला उतरतात आणि ऊन तापून पावसाची चाहूल लागेपर्यंत राहतात. कधी खूप येतात, कधी थोडे. समुद्रावरून तो लांबलचक पूल बांधला जात असताना तर येतात की नाही अशी धास्ती होती. पण येतात. आणि आले की मला तो एक हिवाळा आठवतो, ज्या हिवाळ्यात माझा नवरा बोलत नव्हता.

भांडणबिंडण नव्हतं. विलासला बोलायची बंदी होती.

विलासचा आवाज ही आमच्या भागातली एक वस्तूच होती म्हणा ना. गणपतीत मंडळाचा माईक त्याच्या हातात असायचा. रस्ता दोन्ही टोकांनी फुलून गेलेला, लहान मुलं खांद्यावर, कुणाची चप्पल तुटलेली, कुणाची आई हरवलेली, आणि त्या सगळ्यावरून त्याचा आवाज शांतपणे फिरायचा. ताई, बाळाचा हात सोडू नका. काका, घाई नको, दर्शन सगळ्यांना मिळणार आहे. त्यानं 'थांबा' म्हटलं की रांग थांबायची, 'चला' म्हटलं की सरकायची. बाकीचं वर्षभर तोच आवाज हिंदमात्याच्या एका साडीच्या दुकानात गादीवर बसून साड्या उलगडायचा. आम्ही दोघं लग्नाआधीपासून एकाच मंडळातले, त्यामुळे आमचं अहो-जाहो कधी जमलंच नाही. खरं सांगायचं तर मी आधी त्याचा आवाजच ओळखत होते, चेहरा नंतर पाहिला.

त्या वर्षी विसर्जनानंतर आवाज बसला तो बसलाच. दरवर्षी बसायचा, मीठ-पाण्याच्या गुळण्या करून आठवड्यात उठायचा. त्या वर्षी दिवाळी आली तरी घोगराच. मी परळच्या एका इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसते, त्यामुळे घशाच्या डॉक्टरांकडे त्याला ओढून नेणं मला अवघड नव्हतं. स्वरयंत्रावर गाठ निघाली. ती काढली, तपासायला पाठवली. तो निकाल येईपर्यंत मी खिडकीवर रोज अनोळखी लोकांची नावं विचारत होते आणि दुसऱ्या क्षणी विसरत होते. गाठ साधी निघाली. त्या दिवशी येताना मी लालबागहून चिवडा घेतला आणि वाटेतच पुडी फोडून खाल्ला.

पण डॉक्टरांनी बजावलं होतं, मी सांगेपर्यंत एक शब्दसुद्धा नाही. कुजबुज तर मुळीच नाही, कुजबुजण्यानं जास्त ताण येतो. आणि नंतर आवाज कसा येईल, किती येईल, हे आत्ता सांगता येणार नाही.

गप्प माणसाबरोबर राहणं कसं असतं हे त्याआधी मला माहीत नव्हतं. आमच्या घरात सकाळपासून बोलणं चालू असायचं, माझं त्याला, त्याचं मला, दोघांचं शेजारी. आता तो त्याच खोलीत बसून मला फोनवर मजकूर पाठवायचा. 'मीठ कमी.' 'पंखा.' बंगळूरहून मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा तो नुसता मान हलवायचा आणि मुलगा उगाचच मोठ्यानं बोलायचा, जणू बापाला ऐकू येत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे लोक. जिन्यात, नाक्यावर, दुधाच्या दुकानात माणूस भेटणार, पाठीवर हात ठेवून विचारणार, काय विलासराव, कसं काय? आणि विलासच्या घशात उत्तर आपोआप वर यायचं. ते त्याला गिळावं लागायचं. मला ते दिसायचं.

म्हणून तो सकाळी चालायला लागला, आणि जिथं कुणी ओळखीचं भेटणार नाही अशा दिशेला चालायला लागला. म्हणजे पूर्वेला. आमच्याकडची माणसं दादरला जातात, चौपाटीला जातात, राणीच्या बागेत जातात. गोदामांकडे, बंदराकडे फिरायला कोण जातं?

एका रविवारी त्यानं मला हातानं खूण केली, चल. मी म्हटलं, कुठं? त्यानं नुसतीच परत खूण केली. मी चप्पल घातली.

वाटेवर ट्रक होते, त्यांच्याखाली झोपलेली कुत्री होती, पालथ्या घालून ठेवलेल्या होड्या होत्या आणि वेल्डिंगचा वास होता. रस्ता संपतो तिथं धक्का. धक्क्याच्या बाजूला तिवरांची दाटी. तिवर मी लहानपणी कोकणात आजोळी पाहिले होते, पण मुंबईत ते आपल्या इतक्या जवळ आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चिखलातून त्यांची श्वासमुळं वर आली होती, कुणी शेकडो पेन्सिली उभ्या रोवाव्यात तशी. त्यांच्यामधून निवट्या उड्या मारत होत्या. मासा असून चिखलावर चालणारा तो प्राणी पाहून मला हसू आलं. तिवरांच्या पायाशी प्लास्टिकही होतं, भरपूर होतं, आणि त्या प्लास्टिकच्या पिशव्यांना बाजूला सारून कोवळी रोपं वर आली होती.

विलासनं माझी हनुवटी धरून चेहरा समोर वळवला.

चिखल जिथं संपून पाणी सुरू होत होतं तिथं एक गुलाबी पट्टा होता. मला आधी वाटलं, सकाळचं ऊन पडलंय. मग तो पट्टा हलला. माना खाली, चोची उलट्या पाण्यात, पाय जागच्या जागी थापत चिखल ढवळत ते खात होते. हजारो असतील, मोजायचं मला सुचलं नाही. आणि आवाज येत होता. मोठा नव्हे. लांबच्या हॉलमध्ये पंगत बसली की बाहेर रस्त्यावर जशी गुणगुण येते, तसा. वारा पडला की ऐकू यायचा, वारा आला की विरून जायचा.

किती वेळ उभी होते कोण जाणे. फोन वाजला. शेजारी उभ्या नवऱ्याचा मजकूर होता : 'पिल्लं राखाडी. तरणी कांदेरंगी. मोठी गुलबक्षी. पंख उघडला की आत कुंकवाचा रंग आणि काळा काठ.'

माणूस शेवटी साडीवालाच.

तिथंच आम्हाला ऋतुजा भेटली. शीव कोळीवाड्यातली मुलगी, कॉलेजात चिखलातल्या जिवांवर अभ्यास करणारी. तिच्याकडे तिकाटण्यावर लावलेली दुर्बीण होती. विलास रोज येऊन गप्प उभा राहतो हे तिनं पाहिलं होतं, आणि हे काका बोलत का नाहीत असं तिला वाटत होतं. मी सांगितल्यावर ती एकदम म्हणाली की काकू, मला वाटलं काका पक्ष्यांसाठी गप्प राहतात. विलासला ते इतकं आवडलं की त्यानं तिला टाळी दिली.

तिनं आम्हाला हळूहळू बरंच सांगितलं. हा रंग त्यांचा जन्माचा नाही, या चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव खाऊन तो चढतो. विलास ते ऐकून कितीतरी वेळ त्या काळ्या चिखलाकडे बघत राहिला. ओहोटीला चिखल उघडा पडला की पोटभर खाणं मिळतं, भरतीचं पाणी चढायला लागलं की पक्षी मागं सरकत सरकत आपल्याजवळ येतात आणि मग बघणाऱ्यांची चंगळ होते. पण त्याच वेळी ते जास्त बिचकतात. प्रत्येक वेळी थवा उठवला की खाण्याचा वेळ गेला आणि अंगातली ताकद गेली. आणि तिवर राहिले नाहीत तर चिखल राहणार नाही, चिखल नाही तर हे नाहीत, इतकं ते सरळ आहे. मी म्हटलं, आमच्या घरासारखंच, एकाचं बोलणं थांबलं की सगळंच अडतं. ती हसली.

त्या हिवाळ्यात आम्ही जमेल त्या सकाळी जात राहिलो. मी कामावर जायच्या आधी तासभर. पहिले काही दिवस त्याच्या गप्प बसण्याचं ओझं मला वाटत असे, मीच दोघांच्या वाटणीचं बोलत असे. मग धक्क्यावर माझंही बोलणं कमी झालं. बोट दाखवलं की पुरत होतं. तो शेकाट्या पक्ष्यांचे लाल पाय दाखवायचा, मी खंड्या दाखवायची. घरी परतताना त्याचा हात माझ्या कोपराला धरून असायचा. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर रस्त्यात कोण कोपर धरतं? पण बोलता येत नाही म्हटल्यावर ट्रक आला तर त्याला मला ओढूनच बाजूला घ्यावं लागणार होतं. ट्रक नसतानाही त्यानं हात सोडला नाही, हे मी मुद्दाम लक्षात आणून दिलं नाही.

मग ही गोष्ट मंडळात पोचली. अशा गोष्टी पोचतातच.

मंडळाचा अध्यक्ष बाळा परब. मालवणकडचा, मनानं सोन्यासारखा, आणि कुठलीही गोष्ट लहान करणं ज्याला जमत नाही असा. त्यानं ठरवलं की आपल्या अंगणात एवढं वैभव असताना आपल्या लोकांनी ते बघितलेलं नाही ही लाजेची गोष्ट आहे. एका रविवारी सगळ्या भागाला फ्लेमिंगोदर्शन. कमान, चहा, स्पीकर, आणि लोकांना अगदी जवळून दाखवायला दोन-तीन यांत्रिक होड्या. त्याचा हेतू वाईट नव्हता. ज्या म्हाताऱ्यांनी गिरणीत जन्म घालवला आणि ज्या पुढं कुठंच फिरायला गेल्या नाहीत, त्यांना डोळ्यासमोर ते पक्षी दाखवायचे होते त्याला.

ऋतुजाला हे कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली की एकदा घाबरून त्यांनी ही बाजू सोडली तर या मोसमात परत येतीलच असं नाही. गर्दी नको असं तिचं म्हणणं नव्हतं. लोकांनी पाहिलं नाही तर उद्या कुणी भराव घालून ही जागा बुजवायला निघालं तर तिच्यासाठी बोलेल कोण, असंही तीच म्हणाली. फक्त होड्या नकोत, स्पीकर नको.

मंडळाच्या खोलीत बैठक झाली. विलास त्या खोलीत नेहमी उभा राहून बोलायचा. त्या दिवशी कोपऱ्यात खुर्चीवर बसला. त्याची बोलायची बंदी अजून उठली नव्हती. त्यानं फोनवर लिहिलं आणि फोन माझ्याकडे दिला. मंडळात मी इतकी वर्षं आहे, फुलं निवडलीत, मोदक वळलेत, आरतीला टाळ वाजवलेत, पण बैठकीत उभी राहून कधी बोलले नव्हते. उभी राहिले. फोन दोन्ही हातांनी धरला आणि वाचलं :

"बाळा, आपण देव बघायला आलेल्या माणसाला मूर्तीला हात लावू देतो का? लांबून बघा, हात जोडा, पुढे चला म्हणतो. इथंही तेच करू. थोडी थोडी माणसं सोडू. होड्या नकोत, माईक नको."

मग बाळानं डोकं खाजवलं आणि खरा प्रश्न विचारला. चिडला म्हणजे आणि अडचणीत आला म्हणजे तो मालवणीत जातो.

"माईक नाय, तर ह्या गर्दीक कोण आवरतलो?"

विलासनं हात वर केला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला.

काहीजण हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. बाळा हसला नाही. तो विलासकडे बघत राहिला. दोघं एका गल्लीत वाढलेले. मग त्यानं एवढंच म्हटलं की बरं, पण काही झालं तर तू बघ. आणि होड्यांचा विषय त्यानंच काढून टाकला.

रविवार आला. आम्ही अंदाज केला होता त्याहून कितीतरी माणसं आली. शाली पांघरलेल्या म्हाताऱ्या आल्या, नव्या टॉवरमधल्या काळे चष्मे घातलेल्या सुना आल्या, बाळांना काखेत घेऊन बाप आले. कपडे ठेवणीतले, जसे देवाला जाताना घालतात. पोरांचे फोन आधीच वर उचललेले. मंडळाचे कार्यकर्ते भगव्या टी-शर्टांत होते, ते बघून ऋतुजानं कपाळाला हात लावला आणि त्यांना वरून जुने स्वेटर घालायला लावले. भरती चढत होती. पक्षी धक्क्याच्या दिशेनं सरकत होते.

विलास धक्क्याच्या तोंडाशी उभा राहिला. पाठ खाडीकडे, तोंड लोकांकडे. त्यानं दोन्ही हात वर केले, तळवे पुढं.

माणसं थांबली. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. या माणसानं कितीतरी वर्षं त्यांना सांगितलं होतं कुठं थांबायचं आणि कधी निघायचं. आज आवाज नव्हता, तरी त्यांची नजर त्याच्यावरच गेली. त्यानं एक बोट ओठांवर ठेवलं. बोलणं मागच्या रांगेपर्यंत विझत गेलं. मग त्यानं हातानं माणसं मोजून सोडायला सुरुवात केली. थोडी पुढं गेली की तळवा आडवा. ऋतुजा दुर्बिणीशी उभी राहून एकेकाच्या कानाशी सांगत होती. परतणारी माणसं कुजबुजत होती, काहीजण तेही करत नव्हते. तळमजल्यावरच्या आजींनी दुर्बिणीत पाहिलं, डोळा काढला, पदरानं पुसला, परत लावला. नंतर त्या मला म्हणाल्या की अगं, तो त्याच्या पिल्लाला शिकवतोय, मान कशी घालायची ती. शिकवत होता की नाही कोण जाणे, पण त्यांना दिसलं.

आणि मग इंजिनाचा आवाज आला.

आमच्या होड्या नव्हत्या. कुणा दुसऱ्याच मंडळींना घेऊन एक होडी भरतीच्या पाण्यातून सरळ थव्याच्या रोखानं येत होती. वर माणसं उभी राहून हात हलवत होती. पाण्याला पहिली लाट आली आणि मला ते दिसलं, एकाच क्षणी सगळ्या थव्याच्या माना वर. खाणं थांबलं. ती गुणगुण थांबली. कडेचे काही पाण्यावर धावायला लागले. ऋतुजानं माझा हात घट्ट धरला.

विलास वळला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, तोंड उघडलं. मला ठाऊक होतं काय येतंय ते. 'थांबा' हा शब्द त्याच्या आयुष्यात हजारो वेळा त्या गळ्यातून गेला होता. तो ओरडला असता तर घसा गेला असता, आणि थवाही उठला असता. मी त्याच्याकडे जायला निघाले, पण मधे माणसं होती.

त्यानं तोंड मिटलं. दोन्ही हात वर केले, तळवे होडीकडे.

त्याच्या मागच्या माणसानं हात वर केले. मग त्याच्या शेजारच्या बाईनं. काय चाललंय ते मागच्यांना कळलं नसेलही, पण हात वर जात राहिले, धक्क्याच्या टोकापासून पार गोदामाच्या भिंतीपर्यंत. बाळा परबनं केले. आजींनी केले, शाल खांद्यावरून घसरली तरी खाली घेतले नाहीत. सगळी काळाचौकी तळवे पुढं करून उभी होती आणि कुणीही तोंडातून हूं की चूं काढत नव्हतं.

होडीवाल्यानं पाहिलं. त्याला काय वाटलं असेल? एवढी माणसं, आणि एकही आवाज नाही. त्यानं इंजिन बंद केलं. होडी थोडी वाहत आली, मग त्यानं बांबू टेकवून तिला मागं ढकललं, आणि लांब गेल्यावर हलक्या आवाजात इंजिन लावून निघून गेला. वरची माणसं बसली होती.

आम्ही हात खाली घेतले नाहीत. बराच वेळ पक्ष्यांच्या माना वरच होत्या. मग एकानं पाण्यात घातली. मग त्याच्या बाजूच्या दोघांनी. मग ती गुणगुण परत सुरू झाली, आणि माझ्याजवळ उभ्या एका अनोळखी गृहस्थांनी श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

आता दर हिवाळ्यात मंडळाचा हा एक नेमच झाला आहे. भरतीचं गणित बघून ठरलेल्या सकाळी माणसं येतात, आधी नावं दिलेली तेवढीच. आपला कप आपण आणायचा, कचरा आपला आपण परत न्यायचा. ड्रोन उडवायचा नाही, खाणं टाकायचं नाही, भडक कपडे नकोत. मंडळाचे त्या दिवसाचे टी-शर्ट आता चिखलाच्या रंगाचे असतात आणि बाळा ते अभिमानानं घालतो. दुर्बिणीशी आता आमच्याच गल्लीतल्या मुली उभ्या राहतात, ऋतुजानं शिकवलेल्या. खूप लांबून आलेली माणसं कधीकधी कुरकुरतात की एवढ्या लांबून काय दिसणार. ज्यांना पाण्यातून जायचंय त्यांना आम्ही खाडीतल्या अभयारण्याची वाट सांगतो, तिथं वनखात्याच्या माणसांबरोबर, त्यांच्या शिस्तीनं जाता येतं. काही वर्षी पक्षी कमी येतात आणि आम्ही नुसतेच तिवर, निवट्या आणि बगळे दाखवून लोकांना घरी पाठवतो. कमी का आले याचं उत्तर ऋतुजाकडेही नेहमी नसतं. पण तिवरांच्या पायाशी जी प्लास्टिकची थप्पी होती ती आता नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण त्यातली बरीचशी मी उचलली आहे.

विलास परत दुकानात जातो. गणपतीतला माईक मात्र त्यानं दुसऱ्यांच्या हाती दिला. त्याचा आवाज आता बारीक आहे, थोडा खरखरीत, कागदावर कागद घासावा तसा. गिऱ्हाइकाला पुढं वाकून ऐकावं लागतं, आणि पुढं वाकलेल्या बाईला साडी जवळून दिसते. त्याचा मालक खूश आहे.

पण हे सगळं नंतरचं. त्या हिवाळ्याच्या शेवटाकडे, डॉक्टरांनी बंदी उठवली तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. तपासणीच्या खोलीत त्यांनी विलासला नाव सांगायला सांगितलं. त्यानं सांगितलं. जे बाहेर आलं ते ऐकून तो स्वतःच दचकला. डॉक्टर म्हणाले, छान आहे, हळूहळू सुधारेल, पण पूर्वीचा जोर येईलच असं धरून चालू नका. मग घरी येईपर्यंत तो बोलला नाही. मुलाचा फोन आला, त्याला मान हलवून दाखवली. रात्री जेवताना 'मीठ' असा मजकूर माझ्या फोनवर आला. मी मिठाची बरणी सरकवली. आतल्या आत मात्र मला वाटून गेलं, हा आता कायमचा गप्प राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं खूण केली, चल.

ऊन तापायला लागलं होतं. काही पक्षी आतापासूनच जायच्या तयारीत असल्यासारखे पंख उघडून माना इकडून तिकडे झटकत एकत्र चालायचे. भरती होती. त्या सकाळी धक्क्यावर आम्ही दोघंच होतो, आणि थवा कधी नव्हे इतका जवळ आलेला. एकेकाची पापणी दिसेल इतका जवळ. आम्ही कठड्यावर बसलो. कितीतरी वेळ बसलो. मी विचारणार नव्हते. मी ठरवलं होतं की याला बोलायचं नसेल तर मी त्याच्याबरोबर गप्प राहायला शिकले आहे, पुढंही राहीन.

"अगं," तो म्हणाला, "तुला आज कामावर जायलाच हवं का?"

खरखरीत, बारीक, अनोळखी आवाज. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, कारण तो माझ्याकडे बघत नव्हता. तो समोर बघत होता, अंग आखडून, त्या सगळ्या मानांकडे.

एकही मान वर आली नाही. ते खात राहिले.

मी इस्पितळात फोन करून सांगितलं, आज येत नाही.